कागद कपाटात, माणूस आयसीयूत

[दृश्य: बांबोळीचा चढ. १०८ची रुग्णवाहिका गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) फाटकातून आत शिरते.]

इच्छामरणाचा विषय निघाला की बोलणे लगेच स्वित्झर्लंडला पोहोचते, नाहीतर अमेरिकेतल्या ओरेगॉनला. ओरेगॉनचा कायदा १९९७पासून लागू आहे. रुग्ण सज्ञान हवा, स्वतःचा निर्णय घेण्याच्या अवस्थेत हवा, आणि तो सहा महिन्यांच्या आत जाणार असे दोन डॉक्टरांचे मत हवे. तोंडी विनंती दोनदा करायची, लेखी एकदा. डॉक्टर फक्त औषध लिहून देतो, ते घ्यायचे रुग्णाने स्वतः. नेदरलँड्समध्ये २००२पासून डॉक्टर स्वतः इंजेक्शनही देऊ शकतो.

भारतात यातले काहीच चालत नाही. इथे कुणी डॉक्टरने असे औषध दिले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८खाली त्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही बंदी उठवावी का, यावर दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसे आहेत. असह्य दुखण्यातल्या माणसाला शेवटचा शब्द का नसावा, असे एक बाजू विचारते. औषधपाण्याला पैसे नसलेल्या घरातला म्हातारा ‘मला सोडवा’ म्हणतो, तेव्हा बोलतोय तो की घरातली तंगी, असे दुसरी. आम्हाला दुसरा प्रश्न जास्त टोचतो. पण आयसीयूच्या दारात बसलेल्या गोव्यातल्या कुटुंबांची अडचण बहुतेक वेळा या दोन्हींपैकी नसतेच. गुण येण्याची आशा उरलेली नाही, मशीन चालू आहे, आणि थांबायचे कसे ते कुणालाच ठाऊक नाही.

[दृश्य: पर्वरी, उच्च न्यायालयाची इमारत.]

थांबण्याला कायद्याची वाट आहे. अरुणा शानबाग प्रकरणात ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पहिल्यांदा किलकिली केली. ९ मार्च २०१८च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१मध्ये मोडतो असे ठरले, आणि कुठले उपचार नकोत ही आपली इच्छा माणसाला आगाऊ लिहून ठेवायची मुभा मिळाली. हेच वैद्यकीय इच्छापत्र. मात्र त्या कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत असे. परिणामी तो कागद करायला फारसे कुणी गेलेच नाही. जानेवारी २०२३मध्ये न्यायालयाने ती अट काढली. मे २०२४च्या अखेरीस, तेव्हा गोवा खंडपीठावर असलेले न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे वैद्यकीय इच्छापत्र केले आणि ही व्यवस्था राबवणारे गोवा पहिले राज्य ठरले.

[दृश्य: टेबलावर कागद, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का.]

कागद करायला अर्धा दिवस पुरतो. वय १८ पूर्ण हवे, मन ठिकाणावर हवे, कुणाचा दबाव नको. दोन साक्षीदारांसमोर सही करायची. ते शक्यतो घराबाहेरचे असावेत. दोन मुलगेच साक्षीला उभे केले तर उद्या तिसरा भांडेल. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर तो साक्षांकित करायचा. तुम्ही बोलू शकत नसाल तेव्हा उपचार नाकारायला किंवा थांबवायला संमती कोण देणार, ती नावे लिहायची. २०२३पासून एकापेक्षा जास्त नावे देता येतात, आणि गोव्यात ती द्यावीतच. एक मुलगा लिस्बनला, एक बोटीवर, मुलगी दुबईला अशी घरे इथे कमी नाहीत. बोटीवरचा फोन लागेपर्यंत निर्णय अडकतो.

चूक सहसा मजकुरात होते. ‘मला त्रास नको’ एवढेच लिहिले तर डॉक्टरला त्यातून काही कळत नाही, आणि अर्थ संदिग्ध असेल तर इस्पितळातले डॉक्टरांचे मंडळ कागद बाजूला ठेवते. व्हेंटिलेटर, डायलिसिस, हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब देणे, नाकातून अन्नाची नळी, यांतले काय नको आणि कुठल्या अवस्थेत नको, हे एकेक करून लिहायचे. आपल्या डॉक्टरसोबत बसून लिहिलेले उत्तम.

एक प्रत घरच्यांना, एक फॅमिली डॉक्टरला, एक पंचायत किंवा पालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणारेही आहेत. शनिवारी रात्री मेंदूत रक्तस्राव झाला तर लॉकर उघडणार सोमवारी, आणि तोवर घशात नळी गेलेली असते.

[दृश्य: आयसीयूचा काचेचा दरवाजा. आवाज फक्त मॉनिटरचा.]

नळी गेली म्हणून सगळे संपत नाही; लावलेले काढताही येते. इस्पितळ आधी कागद खरा असल्याची खात्री करते. मग प्राथमिक मंडळ बसते. त्यात उपचार करणारा डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ असतात. त्यांचे मत शक्यतो ४८ तासांत यायला हवे. ते ‘थांबवा’ म्हणाले तर दुसरे मंडळ. त्यात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. त्यांनाही साधारण तेवढाच वेळ. दोघांचे जुळले आणि कागदात नाव असलेल्यांनी संमती दिली, की न्यायदंडाधिकाऱ्याला कळवून उपचार काढले जातात. दंडाधिकाऱ्याची परवानगी लागत नाही, कळवणे पुरते. मंडळ नाही म्हणाले तर घरच्यांना उच्च न्यायालयात जाता येते. कागदच नसेल तरी हीच वाट आहे, फक्त संमती जवळचे नातेवाईक देतात.

ही वाट ठाऊक नसल्यामुळे काय घडते, ते खाजगी इस्पितळांच्या डिस्चार्जच्या कागदांवर सापडते. ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ अशी सही करून लोक माणसाला घरी आणतात. सत्तरी तालुक्यातल्या वाड्यापर्यंत कुणीतरी हाताने श्वास देण्याचा फुगा दाबत येते आणि ओसरीवर नळी निघते. दम कमी करणारे औषध जवळ नसते, नर्स नसते. कायद्याच्या वाटेने थांबणे याहून शांत असते, कारण इस्पितळात नळी काढण्याआधीच औषध सुरू करतात आणि श्वासाची धडपड आटोक्यात येईपर्यंत डॉक्टर बाजूला उभा राहतो.

[दृश्य: लोटलीचा रस्ता, झाडी.]

लोटलीला शांती आवेदना सदन कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळते. दुखणे खरोखर आवरले की ‘मला मारा’ ही मागणी पुष्कळदा मागे पडते, नेहमी नाही. तोंडाने घ्यायची मॉर्फिन साधारणपणे दर चार तासांनी देतात, दुखू लागल्यावर नव्हे तर घड्याळाप्रमाणे. बद्धकोष्ठ होतोच, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून. २०१४च्या दुरुस्तीने मॉर्फिनसारख्या औषधांवरचा नार्कोटिक (अमली पदार्थांचा) कायदा सैल केला, तरी घराघरांत ‘मॉर्फिन म्हणजे शेवट’ ही भीती आहे आणि त्यापायी माणूस विनाकारण तळमळतो.

चर्चची हरकत येईल म्हणून थांबलेल्या ख्रिस्ती घरांसाठी एवढेच. व्हॅटिकनच्या १९८०च्या घोषणापत्राने मुद्दाम जीव घेणे नाकारले आहे, पण मरण अटळ असताना निष्फळ आणि जाचक उपचार नाकारणे किंवा वेदनाशामक घेणे नाकारलेले नाही.

मत बदलले तर केव्हाही कागद रद्द करता येतो, तोही लेखी. दोन कागद निघाले तर शेवटी सही झालेला चालतो. तेव्हा नवा केलात की जुन्याच्या प्रती पंचायतीतून आणि डॉक्टरकडून परत मागून घ्या.