जबड्यासाठी पाय, जिभेसाठी हात

(दृश्य: मनगटावर दाबून धरलेले दोन अंगठे)

मूठ घट्ट आवळायला सांगितली आहे. मनगटातल्या दोन्ही धमन्या डॉक्टरांनी दाबून धरल्या आहेत. मूठ उघडली, तळहात पांढराफटक. आता करंगळीकडची धमनी तेवढी सोडली. काही सेकंदांत लाली परतली, म्हणजे अंगठ्याकडच्या धमनीवाचून या हाताचं अडणार नाही. ही अ‍ॅलन चाचणी. कॅन्सर आहे जिभेला, आणि तपासणी चाललीय हाताची!

कारण अर्धी जीभ काढल्यावर तिथे बसवायचा फ्लॅप, म्हणजे रक्तवाहिनीसकट उचललेला शरीराचा तुकडा, याच हातावरून निघणार आहे. इथली कातडी पातळ, सहज दुमडणारी. उरलेल्या जिभेला ती हलू देते. मांडीवरचा जाड थर आणला, तर तोंडात गोळा कोंबल्यासारखं होईल. पण जीभ जवळजवळ सगळीच गेली असेल, तर तोच जाडपणा हवासा होतो. टाळूपर्यंत पोचणारा उंचवटा नसेल, तर घास मागे सरकणार कसा? शिवाय मांडीवरचा व्रण कपड्याखाली झाकतो. हातावरचा मात्र नेमका घड्याळाच्या जागी, रोज दिसणारा.

(दृश्य: पायाचा एक्स-रे)

जबड्याचं हाड गेलं, तर पायातलं फिब्युला. नडगीशेजारचं हे बारीक हाड शरीराचं फारसं वजन पेलत नाही. वीसेक सेंटिमीटरचा सरळ तुकडा मिळतो. तो ठरावीक कोनांत कापून जबड्याची कमान घडवायची. पुढे त्यात दातांचे इम्प्लांटही बसतात. घोट्याजवळचे सहा-सात सेंटिमीटर मात्र सोडायचे, नाहीतर घोटा डळमळतो. आधी पायाची अँजिओग्राफी करतात. काहींच्या पावलाला मुख्य रक्तपुरवठा याच हाडाजवळच्या धमनीतून होतो. तसं दिसलं, की पायाला हात लावायचा नाही. खांद्याच्या फऱ्याचं हाड बघायचं.

हे सगळे फ्री फ्लॅप. स्वतःची धमनी आणि शीर घेऊन येतात, आणि दोन-तीन मिलिमीटरच्या त्या वाहिन्या मायक्रोस्कोपखाली मानेतल्या वाहिन्यांना शिवल्या जातात.

आणि मानेत जोडण्याजोगी वाहिनीच उरली नसेल? किंवा इतकी लांब शस्त्रक्रिया रुग्णाच्या हृदयाला झेपणार नसेल? मग छातीचा स्नायू. 1979 मध्ये स्टीफन आरियन यांनी मांडलेला हा फ्लॅप आपल्या मूळ धमनीला लटकलेलाच राहतो आणि गळपट्टीच्या हाडावरून, कातडीखालून वर सरकवला जातो. जुना म्हणून त्याला नाकं मुरडणारे आहेत. फसलेला फ्री फ्लॅप सावरायला मात्र पुष्कळदा हाच धावून येतो.

(दृश्य: रात्र, अतिदक्षता विभाग)

पहिल्या रात्री दर तासाला फ्लॅप पाहतात. रंग, ऊब, आणि सुईची एक टोच. लाल थेंब सावकाश आला, की परिचारिका वेळ लिहून पुढे जाते. रक्तच आलं नाही, तर धमनीची शंका. काळपट रक्त भराभर ओघळलं, तर शीर तुंबलीय. फोन उचलला जातो, आणि शस्त्रक्रियागृहातले दिवे पुन्हा लागतात.