व्हिडिओ घरी, वाद वर्गात

नमस्कार श्रोतेहो.

मी एका तालुक्याच्या गावी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. परवा एफवायच्या वर्गात फळ्यावर एक प्रश्न लिहिला. एसटीची लाल गाडी आणि एक स्कूटी, समोरासमोर टक्कर. एसटीनं स्कूटीवर लावलेलं बल जास्त, स्कूटीनं एसटीवर लावलेलं जास्त, की दोन्ही सारखीच?

आदल्या रात्री न्यूटनच्या तिसऱ्या नियमावरचा, म्हणजे प्रत्येक बलाला तेवढंच उलट दिशेचं बल असतं यावरचा, व्हिडिओ सगळ्यांनी घरी पाहिला होता. निदान पाहिला असं म्हणत तरी होते. नियम विचारा, कुणीही उठून घडाघडा म्हणून दाखवेल. तरीही निम्म्याहून जास्त हात एसटीच्या बाजूनं वर!

मी उत्तर सांगितलं नाही. म्हटलं, शेजाऱ्याला पटवा. मग काय, पाच मिनिटं नुसता बाजार. मागच्या बाकावरची एक मुलगी तावातावानं सांगत होती, "अगं, स्कूटीचा चेंदामेंदा होतो आणि एसटीला साधा ओरखडा. सारखं कसं असेल?" शेजारची जरा गप्प राहिली, मग म्हणाली, "बल सारखंच गं. पण स्कूटी हलकी ना, म्हणून तिचा वेग झटकन बदलतो." पहिली म्हणाली, "हे तर दुसऱ्या नियमात येतं!" येतंच की. दोन नियमांची गाठ त्या दोघींनी आपापली बांधली, मी खिडकीपाशी उभा होतो. पुन्हा हात वर करायला सांगितले, तेव्हा एसटीच्या बाजूनं चार-पाचच उरले होते.

ही युक्ती माझ्या डोक्यातली नव्हे. हार्वर्डमधले फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९०च्या दशकात ती रुळवली. अवघड गणितं सोडवणारी त्यांची मुलंही ट्रक आणि मोटारीच्या अशाच टकरीपाशी अडखळली होती, हे ऐकून मला जरा बरंच वाटलं होतं.

आता प्रश्न असा, की ती पाच मिनिटं आणायची कुठून? अठ्ठेचाळीस मिनिटांचा तास. हजेरीत पाच-सात जातात, उरलेल्यात व्याख्या, सूत्र, सिद्धता, आकृती. बेल होते तेव्हा मी अजून फळ्याशीच बोलत असतो. म्हणून सांगण्याचा भाग मोबाइलवर पाठवायचा आणि वर्गातला वेळ भांडायला मोकळा करायचा, एवढीच यामागची गोम.

अमेरिकेत सॅन होजे राज्य विद्यापीठात २०१२ साली इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगच्या एका कोर्सला असं करून पाहिलं. एमआयटीचे अनंत अगरवाल यांची सर्किटवरची व्याख्यानं मुलांनी घरी पाहायची आणि वर्गात आपल्या प्राध्यापकांसमोर गटागटानं प्रश्न सोडवायचे. एरवी त्या कोर्सला पासचं प्रमाण ५९ टक्क्यांच्या आसपास असे, ते ९१ टक्क्यांवर गेलं. मात्र पुढच्याच वर्षी त्याच विद्यापीठानं काही कोर्स जवळजवळ पूर्णच ऑनलाइन चालवले, तेव्हा निकाल इतके पडले की प्रयोग थांबवावा लागला. आणि तिथल्या तत्त्वज्ञान विभागानं तर हार्वर्डच्या मायकेल सँडेल यांचं रेकॉर्ड केलेलं व्याख्यान वर्गात वापरायला साफ नकार दिला, तसं उघड पत्रच सँडेल यांना लिहिलं. न्याय म्हणजे काय, याची चर्चा आम्ही आमच्या मुलांशी करायची की दुसऱ्याच्या वर्गातली बसून बघायची, असा त्यांचा सवाल होता. मला तो रास्त वाटतो.

आपल्याकडे सामग्रीला तोटा नाही. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांचं एनपीटीईएल, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानांचा उपक्रम, २००३पासून आहे, केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ स्वयम् २०१७पासून. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, मे २०२१मध्ये मसुदा काढला, की कोर्सचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवता यावा, बाकीचा समोरासमोर. तरी मी माझे व्हिडिओ स्वतःच करतो. आमची बरीच मुलं मराठी माध्यमातून आलेली. 'टॉर्क', म्हणजे बलाचा फिरवणारा परिणाम, हा शब्द ऐकून ती गप्प बसतात. दाराचं हँडल बिजागरीजवळ का बसवत नाहीत, असं विचारलं की बोलू लागतात. दहा मिनिटांच्या व्हिडिओला माझी अख्खी दुपार जाते, आणि नेमकं रेकॉर्डिंग रंगात आलं की शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात.

पहिल्या वर्षी मी एक मोठी चूक केली. व्हिडिओ दिले, पण तासही पूर्वीसारखेच घेतले. वर आठवड्याला एक ऑनलाइन चाचणी. मुलांवर दीड कोर्स पडला. एकानं मला स्पष्टच सांगितलं, "सर, तुमचा व्हिडिओ मी दुप्पट स्पीडनं बघतो. आमच्या वस्तीवर रेंज नाही, स्टँडवर डाउनलोड करायचा आणि गाडी येईपर्यंत संपवायचा." न्यूटन दुप्पट वेगानं कसा ऐकू येतो ते मी घरी लावून पाहिलं. काही कळलं नाही. त्यानंतर मी आठवड्याच्या चार तासांतला एक तास खरोखरच काढून टाकला, चाचणी बंद केली, आणि व्हिडिओ कमी रेंजमध्येही उतरेल इतका लहान केला. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी लायब्ररीतल्या एका संगणकावर सगळं ठेवलंय. थोडं काही ऑनलाइन नेलं, तर तेवढं वर्गातून उचलायला हवं. वेळापत्रक तेच ठेवून वर व्हिडिओ लादायचे, हे मुलांचा वेळ चोरण्यासारखं आहे.

पण तास उचलायचा म्हटलं की स्टाफरूममध्ये शांतता पसरते. मी पगारी आहे, माझं निभावतं. आमच्याकडे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणारे कितीतरी आहेत. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. वर्गातला तास व्हिडिओत गेला तर त्याचं मानधन कोण देणार? माझ्या ओळखीच्या एका तरुण प्राध्यापकानं लॉकडाउनमध्ये सगळं युनिट मन लावून रेकॉर्ड करून दिलं. पुढच्या वर्षी त्या फाइली वर्गात लावल्या गेल्या आणि त्याला बोलावणं आलं नाही. कुठल्या कॉलेजात, ते सांगत नाही. तेव्हापासून तो रेकॉर्डिंगला हातच लावत नाही, आणि त्याला कुणी हेकट म्हटलं तर मला राग येतो. व्हिडिओ करायला लागलेले तास कार्यभारात धरा, आणि करणाऱ्याला विचारल्याशिवाय तो वापरू नका. एवढी मागणी आम्ही लेखी दिली आहे. उत्तराची वाट बघतोय.

तर त्या एसटी-स्कूटीच्या तासाचं सांगत होतो. बेलला दोन मिनिटं उरली होती. चेंदामेंदावाल्या मुलीनं हात वर केला. "सर, बल दोघांवर सारखं, हे पटलं. मग हेल्मेट नक्की करतं काय? ते बल कमी करतं, की दुसरंच काही?"

बेल झाली. कुणी उठलं नाही. यावर मी व्हिडिओ केलेला नाही. उद्याचा तास याच प्रश्नानं सुरू होईल.

नमस्कार.