१२०० ग्रॅमचं बाळ

जिल्हा रुग्णालयातला नवजात शिशू कक्ष. पाळी बदलतेय. अंगठी, घड्याळ, बांगड्या दाराबाहेर काढून सिस्टर कोपरापर्यंत हात धुतात, पूर्ण दोन मिनिटं. आत प्रत्येक बाळाला हात लावण्याआधी पुन्हा हँडरब, म्हणजे हातावर चोळायचं जंतुनाशक.

हे बाळ १२०० ग्रॅमचं, अपुऱ्या दिवसांचं, वॉर्मरवर म्हणजे ऊब देणाऱ्या यंत्राखाली आहे. पोटावर चिकटवलेला सेन्सर त्वचेचं तापमान मोजतो, त्यावर वॉर्मर कमी-जास्त होतो. सेन्सर सुटला, की यंत्र बाळ गार आहे असं धरून तापतच राहतं. अंगाखाली दबला, की उलटं होतं. म्हणून काखेत थर्मामीटर लावायचाच. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हवं. शिवाय हाताने बघायचं: पोट गरम, पण तळपाय गार लागले, तर थंडीचा ताण सुरू झालाय. थर्मामीटरवर तो अजून दिसतही नसेल.

आता दूध. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाला दूध ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ जमत नाही, म्हणून तोंडातून नळी. लांबी मोजायची ती नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाचं खालचं टोक आणि बेंबी यांच्या मध्यापर्यंत. तिथे खूण. दर वेळी दूध देण्याआधी खूण सरकली नाही ना, ते बघायचं.

किलोमागे दिवसाला ८० मिली धरले, तर या बाळाला ९६ मिली. दर दोन तासांनी ८ मिली. सिरिंजचा दट्ट्या काढायचा आणि दूध आपोआप उतरू द्यायचं. कामाच्या गर्दीत दट्ट्याने ढकलायचा मोह होतो. पण पोट एकदम ताणलं, की दूध उलटतं, फुप्फुसात जाऊ शकतं, श्वास थांबू शकतो. ती पाच-दहा मिनिटं द्यायलाच हवीत. पोट फुगलं किंवा हिरवी उलटी झाली, तर दूध बंद आणि लगेच डॉक्टरांना हाक.

दूध शक्यतो आईचंच. तिला अजून उतरलं नसेल, तर दूधपेढीचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईत, सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

मॉनिटरवर रक्तातला ऑक्सिजन ९९ टक्के दिसला, की नातेवाइकांना हायसं वाटतं. बाळ ऑक्सिजनवर असेल, तर सिस्टर मात्र तो कमी करायला घेतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ९० ते ९५ पुरे. जास्त ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात, दृष्टी जाऊ शकते. त्यामुळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत पडद्याची तपासणी हवीच. बाळ त्याआधी घरी गेलं, तर तारीख कार्डावर लिहून, आईला वाचून दाखवायची.