मिसळीतला ब्रेड आणि वजनाचा काटा

(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, वजन उतरवायचं म्हणून मटण, अंडी, दूध सगळं बंद करून फक्त वनस्पतिजन्य आहारावर आलेली माणसं आपल्या गावात आता बरीच भेटतात. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या आणि म्हशीच्या धारोष्ण दुधाच्या गावात हे सोपं नाही. मला त्यांच्याबद्दल खरंच आदर आहे. माझ्याकडे आल्यावर त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "मैदा सोडला, भात कमी केला. पूर्ण गव्हाचा ब्रेड तरी चालेल ना?"

उत्तर आधीच देते. चालतो. पण तो जेवणाचा पाया करू नका, आणि तो कशासोबत खाता याकडे ब्रेडपेक्षा जास्त लक्ष द्या.

आधी गव्हाच्या दाण्याकडे बघू. बाहेर कोंडा, एका टोकाला अंकुर आणि मध्ये पिष्टाचा मोठा भाग. वजनाने ऐंशी टक्क्यांहून जास्त दाणा म्हणजे हा मधला भाग, आणि मैदा त्याचाच होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात 100 ग्रॅम मैद्यात तंतू (फायबर) 3 ग्रॅमही नाहीत, तर गव्हाच्या पिठात 11 ग्रॅमच्या वर आहेत. म्हणून मैद्याच्या ब्रेडऐवजी पूर्ण गव्हाचा घेतलात तर फायदाच आहे. आणि जाता जाता: गिरणीतून दळण आणून घरी बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकून देणारी घरं अजून आहेत. कृपा करून ते थांबवा.

आता पाकीट. रंगावर जाऊ नका. तपकिरी रंग कॅरॅमलनेही येतो; घटकांच्या यादीत 150 आणि पुढे इंग्रजी अक्षर दिसलं की तो रंग घातलेला आहे असं समजा. आपल्या नियमांप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिलंच नाव मैद्याचं असेल तर पाकिटावर पुढे गव्हाची कितीही कणसं छापलेली असोत, ते परत ठेवा. तंतूंचा आकडा दिला असेल तर एक सोपा हिशेब करा: कर्बोदकांच्या आकड्याला दहाने भागा, तंतू निदान तेवढे हवेत. 45 ग्रॅम कर्बोदकं असतील तर तंतू साडेचारच्या खाली नकोत. आणि दूध पूर्ण सोडलेल्यांनी हिरव्या ठिपक्यावर विसंबू नये. दुधाची पावडर घातलेल्या ब्रेडलाही तो ठिपका मिळतो. यादी वाचावीच लागते.

इथपर्यंतचं बहुतेकांना ठाऊक असतं. पुढचं मात्र फारसं कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते खरा मुद्दा तोच आहे. धान्य पूर्ण असणं आणि दाणा अखंड असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्ण गव्हाचं पीठसुद्धा शेवटी बारीक पीठच असतं. दाण्याची भिंत दळताना फुटते, आतलं पिष्ट उघडं पडतं आणि पाचकरस त्यावर चटकन काम करतात. रक्तातली साखर किती चढते हे मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय तक्त्यांत, 2008 च्या आवृत्तीत, पांढऱ्या ब्रेडचा ग्लायसेमिक इंडेक्स सरासरी 75 आहे. पूर्ण गव्हाच्या ब्रेडचा? 74. एका अंकाचा फरक. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे संशोधक हीटन आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये गहू चार रूपांत देऊन पाहिला: अखंड, भरडलेला, जाड पीठ, बारीक पीठ. दाणा जितका बारीक, तितका इन्सुलिनचा, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात आणणाऱ्या संप्रेरकाचा, प्रतिसाद मोठा.

हे ऐकून पूर्ण गव्हाला काही अर्थच नाही असं समजू नका. कोंड्याचा उपयोग आतड्याला होतो, खनिजं मिळतात, आणि पोटही जास्त वेळ भरलेलं राहतं. सिडनीच्या संशोधकांनी 1995 मध्ये 38 पदार्थ प्रत्येकी 240 कॅलरी होतील इतके खायला देऊन पुढचे दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते मोजलं. पांढऱ्या ब्रेडला 100 धरलं, तर पूर्ण गव्हाचा ब्रेड 157 वर आला. ही मोठी सुधारणा आहे. पण त्याच यादीत सगळ्यात वर काय होतं? साधा उकडलेला बटाटा, 323. वजन कमी करायला निघालेली माणसं पहिल्यांदा बटाटा सोडतात आणि ब्रेडचं पाकीट आणतात, तेव्हा मला वाईट वाटतं.

आपल्याकडे याचं उत्तर जुनं आहे. जोंधळ्याच्या कण्या. खपली गव्हाचा भरडा. आज्जीच्या काळात ताकाबरोबर कण्या खायचे. दूध सोडलं असेल तर पातळ आमटीबरोबर खा. दाणा नुसता फोडलेला, शिजताना भरपूर पाणी पितो, ताटलीभर खाल्लं तरी कॅलरी बेताच्या राहतात. गरिबाचं खाणं म्हणून आपण कण्या मागे टाकल्या. वजन उतरवायला याहून चांगली न्याहारी मला माहीत नाही.

मग शाळूची भाकरी? तीही पिठाचीच, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. साठ ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे सुमारे 200 कॅलरी. ब्रेडच्या दोन स्लाइस साठेक ग्रॅमच्या धरल्या तर 150. म्हणजे आकड्यात ब्रेडच कमी. तरीही मी भाकरीच्या बाजूने आहे. तिच्यात साखर नाही, तेल नाही, मीठ घातलं तर चिमूटभर. ती चावून खावी लागते आणि उसळ-आमटीशिवाय गळ्याखाली उतरत नाही. ब्रेड मऊ असतो, चार घासांत संपतो. अमेरिकेत केव्हिन हॉल या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 20 जणांना महिनाभर संशोधन संस्थेतच ठेवून दोन प्रकारचा आहार दिला. कारखान्यात अतिप्रक्रिया केलेल्या आहारावर तीच माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती, आणि जेवतही भरभर होती. तो सगळा आहार होता, एकटा ब्रेड नव्हे. पण पाकिटातला ब्रेड त्याच गटात मोडतो हे लक्षात असू द्या.

आता मिसळ, कारण कोल्हापुरात ब्रेडचा विषय मिसळीशिवाय पुरा होत नाही. आपल्याकडे मिसळीबरोबर पाव नाही, स्लाइस येते. लोक मला सांगतात, "मॅडम, मिसळ खाल्ली पण ब्रेड ठेवला." तुम्ही चुकीची वस्तू ठेवलीत. दोन स्लाइसच्या 150 कॅलरी. 50 ग्रॅम फरसाणाच्या अडीचशेच्या वर. कटावर तरंगणारं दोन मोठे चमचे तेल म्हणजे 240. आणि मटकीची उसळ, जी या ताटातली सगळ्यात मोलाची गोष्ट, ती तळाशी दोन चमचे. हे प्रमाण घरी उलटं करा: वाडगाभर मोड आलेली मटकी, झणझणीत पण तेल बेताचं असलेला कट, फरसाण वरून चिमूटभर, भरपूर कांदा, लिंबू आणि पूर्ण गव्हाची एक स्लाइस. चव जात नाही; कोल्हापुरी चव मसाल्यात आहे.

गहू आणि मटकी एकत्र खाण्याला आणखी एक कारण आहे. गव्हाच्या प्रथिनात लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी असतो, कडधान्यात तो भरपूर. मांसाहार सोडलेल्यांनी ही जोडी रोज सांभाळावी. पूर्ण धान्यातलं फायटिक आम्ल लोह-जस्त अडवून धरतं. यीस्टने किंवा आंबवणाने फुगवलेल्या ब्रेडमध्ये ते काहीसं कमी होतं, आणि लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. बी-12 जीवनसत्त्व मात्र ब्रेड, भाकरी, मटकी कशातच नाही. दूधही सोडलं असेल तर ते वेगळं, बहुधा गोळीतून, घ्यावं लागतं. डॉक्टरांना विचारून घ्या, टाळू नका. मधुमेहाची औषधं चालू असतील तर आहार बदलण्याआधीच त्यांच्याशी बोला, कारण जेवण बदललं की औषधाचा डोसही बदलावा लागू शकतो.

मागून एका ताईंनी विचारलंय, ब्रेड भाजून खाल्ला तर हलका होतो का? वजनाला होतो, कारण पाणी उडतं. कॅलरी जवळपास तेवढ्याच राहतात. भाजायचा असेल तर कोरड्या तव्यावर भाजा, तेल-तूप न लावता. वरून शेंगदाण्याची चटणी हवी तर एक चमचा, शेंगदाण्यात निम्मं तेलच असतं. त्यापेक्षा शिजवलेला हरभरा ठेचून त्यात हिरव्या मिरचीचा खरडा कालवा आणि तो जाडसर पसरा.