फाटक उघडण्याआधीचा रस्ता

(खानदेशातल्या महाविद्यालयीन शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

कोविडची साथ चालू असताना विद्यापीठं आणि महाविद्यालयं पुन्हा कशी उघडायची, याच्या मार्गदर्शक सूचना विद्यापीठ अनुदान आयोगाने ५ नोव्हेंबर २०२० रोजी काढल्या. दिवाळीच्या तोंडावर त्या सगळ्या प्राचार्यांच्या टेबलावर येऊन पडल्या. सूचना चांगल्या होत्या, हे मी आधीच सांगतो. टप्प्याटप्प्याने उघडा, आधी संशोधक विद्यार्थी, विज्ञान-तंत्रज्ञानाचे पदव्युत्तर आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी येऊ द्या. एका वेळी निम्म्याहून जास्त विद्यार्थी नकोत. आठवडा सहा दिवसांचा करा, तास वाढवा, वर्ग लहान करा. वसतिगृह गरज असेल तरच उघडा, एका खोलीत एकच विद्यार्थी ठेवा आणि बाहेरून आलेल्याला तपासणी निगेटिव्ह असली तरी चौदा दिवस वेगळं ठेवा.

आता या सूचना घेऊन धडगावच्या वर, सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर जाऊ. तिथली मुलगी शहाद्याला किंवा नंदुरबारला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात राहते. मार्च २०२० मध्ये वसतिगृह रिकामं झालं, ती घरी गेली. घरी रेंज नाही. टेकडीवर चढून, एका ठरावीक दगडापाशी उभं राहिलं की दोन काड्या येतात. तिचं कॉलेज परिपत्रकाप्रमाणे उघडलं, तिची बॅचही ठरली. पण एका खोलीत एक म्हटल्यावर वसतिगृहात तिला जागा मिळेल का, ते कुणी सांगेना. पाड्यावरून रोज अपडाऊन करणं शक्य नाही. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली तर तळोद्याकडचा रस्ताच बंद. म्हणजे कॉलेज उघडलं, पण तिच्यासाठी उघडलं नाही.

मला आज एवढंच मांडायचं आहे. परिसर उघडण्याचा आराखडा आपण फाटकापासून आत आखत गेलो. तो विद्यार्थ्याच्या घरापासून आखायला हवा होता, आणि पुढच्या वेळी तसाच आखायला हवा. पुढची वेळ येणार नाही असं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारा माणूस तरी म्हणू शकत नाही.

आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठातून वेगळं झालं ते याच कारणासाठी. आजच्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या मुलांना शिक्षण जवळ मिळावं म्हणून. त्यामुळे ‘मुलगा कॉलेजपर्यंत पोचतो कसा’ हा प्रश्न आपल्याकडे बाजूचा नाही, मधला आहे.

एसटीचंच घ्या. राज्यात महाविद्यालयं १५ फेब्रुवारी २०२१ पासून निम्म्या उपस्थितीने सुरू करायला परवानगी मिळाली. आपण बाकांवर फुल्या मारल्या, एकाआड एक मुलं बसवली. पण एसटीला तर १८ सप्टेंबर २०२० पासूनच पूर्ण आसनक्षमतेने धावायची मुभा होती. शिंदखेड्याहून धुळ्याला, यावलहून जळगावला येणारी मुलगी भरलेल्या गाडीत, खिडक्या लावून, तासभर बसून यायची आणि वर्गात सहा फुटांवर बसायची. गाडी चुकली तर काळी-पिवळीत दाटीवाटीने. त्यातून रेल्वेच्या पॅसेंजर गाड्या मार्च २०२० पासून बंद. भुसावळ-सुरत मार्गावर नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव इथून पासावर अपडाऊन करणारी किती मुलं आणि किती शिक्षक होते, हे या सभागृहात सांगायची गरज नाही. तो सगळा भार रस्त्यावर आला. वर्गातली निम्मी उपस्थिती हा नियम आपण पाळला, पण विषाणू ज्या जागी एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहज जातो ती जागा वर्गाच्या आधीच होऊन गेलेली होती.

महिनाभरात दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप लागलं. मग २० ऑक्टोबर २०२१ ला महाविद्यालयं परत उघडली. या वेळची अट होती: वय अठरा पूर्ण आणि लशीचे दोन्ही डोस. ही अट वैद्यकीयदृष्ट्या समजण्यासारखी होती. पण आपण तिचं गणित मांडून पाहिलं नाही. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचं लसीकरण १ मे २०२१ ला सुरू झालं, साठ्याअभावी राज्यात ते मे महिन्यातच थांबलं आणि जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झालं. कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर मे महिन्यातच किमान बारा आठवड्यांवर, म्हणजे चौऱ्याऐंशी दिवसांवर गेलं होतं. ज्या मुलाला पहिला डोस ऑगस्टच्या शेवटी मिळाला, त्याचा दुसरा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. म्हणजे ज्या गावात लस उशिरा पोचली त्या गावचा मुलगा वर्गातही उशिरा पोचणार. आणि प्रथम वर्षाला बसलेली सतरा वर्षांची मुलं? त्यांच्यासाठी लसच नव्हती. पंधरा ते अठरा वयोगटाला ती ३ जानेवारी २०२२ पासून मिळाली. तोवर ओमायक्रॉन आला आणि जानेवारीत महाविद्यालयं पुन्हा बंद झाली. बारावीची परीक्षा न देता पास झालेली, कॉलेजचा वर्ग न पाहिलेली ती बॅच. तिच्याबद्दल मला आजही फार वाटतं. आयुष्यातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी मोबाईलच्या पडद्यावर पाहिली, ज्यांच्याकडे मोबाईल होता त्यांनी.

आणि त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला. नोव्हेंबरात तो राज्यभर पसरला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कामगारांच्या मागण्यांवर बोलायची ही जागा नाही, त्यांच्या घरातही तेव्हा चूल पेटणं कठीण झालं होतं. मी फक्त आपल्या आराखड्याबद्दल बोलतोय. फाटक उघडं, मुलाकडे प्रमाणपत्र आहे, आणि गावात गाडी नाही. साक्री तालुक्यातले एक पालक मला फोन करायचे. आधी विचारायचे, ‘‘कॉलेज कवय चालू व्हई, सर?’’ कॉलेज चालू झाल्यावर पुन्हा त्यांचा फोन आला तो गाडीसाठी. काय उत्तर द्यावं मला सुचेना. कारण कॉलेज उघडण्यासाठीच्या आमच्या समितीच्या कागदात सॅनिटायझरला, तापमापक बंदुकीला, फुल्यांच्या रंगाला जागा होती. वाहतुकीला एक ओळही नव्हती.

बाहेरच्या विद्यापीठांनी काय केलं तेही पाहू, कारण त्यांनी पैसा, यंत्रं आणि गणित तिन्ही लावलं होतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने चॅपेल हिलला १० ऑगस्ट २०२० ला वर्ग सुरू केले आणि आठवड्यातच पदवीचे वर्ग ऑनलाइन केले. रोग पसरला तो वसतिगृहांत आणि मुलांच्या राहण्याच्या जागांत. इलिनॉय विद्यापीठाने लाळेची चाचणी स्वतः बसवली, प्रत्येकाची आठवड्यातून दोनदा, दिवसाला दहा हजारांहून जास्त चाचण्या. तिथेही सप्टेंबरच्या सुरुवातीला रुग्ण उसळले, कारण पॉझिटिव्ह आल्यावरही काही मुलं मेजवान्यांना गेली. गणिताने गृहीत धरलं होतं की ती खोलीत थांबतील. त्यांनी नियम कडक केले आणि साथ आटोक्यात आणली. येल विद्यापीठातल्या डेव्हिड पाल्टिएल आणि सहकाऱ्यांनी जुलै २०२० अखेर एक अभ्यास छापला. साधारण पाच हजार विद्यार्थ्यांचा परिसर कल्पून त्यांनी दाखवलं की चाचणी फार अचूक नसली तरी चालेल, पण ती दर दोन दिवसांनी झाली पाहिजे. लक्षणं दिसल्यावर तपासू, या पद्धतीने साथ रोखता येत नाही. आपल्या फाटकावरची तापमापक बंदूक नेमकी हीच पद्धत होती. लक्षणं नसलेला बाधित मुलगा तिच्यापुढून सरळ आत जातो, आणि मार्चच्या उन्हात सायकल मारत आलेल्या धडधाकट मुलाचं कपाळ ती तापलेलं दाखवते.

यातलं कॉर्नेल विद्यापीठाचं उदाहरण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. पीटर फ्रेझियर यांच्या गटाने तिथे हिशोब मांडला आणि उत्तर उलटं आलं: परिसर उघडला तर रुग्ण कमी होतील, शिक्षण पूर्ण ऑनलाइन ठेवलं तर जास्त. कारण मुलं तशीही इथाका गावात भाड्याच्या खोल्यांमध्ये परतणारच होती. परिसर बंद असेल तर त्यांच्यावर चाचणीची सक्ती करता येणार नव्हती.

धुळ्यात, जळगावात तेव्हा काय चाललं होतं ते आठवा. कॉलेज बंद होतं, पण स्पर्धा परीक्षेची मुलं खोल्या करून राहत होती. तिघं-चौघं एका खोलीत, एकाच खानावळीचा डबा. निर्बंध जरा सैल झाले की अभ्यासिका भरायच्या. ही मुलं आपल्याच पटावर होती. आपण त्यांना ‘घरी’ धरलं होतं. त्यांची नोंद नव्हती, कुणी आजारी पडलं तर आपल्याला कळायची सोय नव्हती. कॉर्नेलसारख्या चाचण्या आपल्याला परवडल्या नसत्या, हे मान्य. पण कोणती मुलं गावात आहेत आणि कुठे राहतात, हे विचारायला पैसे लागत नव्हते.

ॲरिझोना विद्यापीठाने वसतिगृहांच्या सांडपाण्यात विषाणू शोधला. ऑगस्ट २०२० अखेर एका वसतिगृहाच्या नमुन्यात तो सापडताच तिथल्या ३११ जणांची तपासणी केली आणि लक्षणं नसलेले दोघं वेळीच बाजूला काढले. एक नमुना तपासून अख्ख्या इमारतीचा अंदाज येतो. जिल्ह्याच्या ठिकाणी पीसीआरची सोय असेल तर ही गोष्ट आपल्या वसतिगृहांतही करता येण्याजोगी आहे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागांनी हे काम शिकून ठेवावं, अशी माझी विनंती आहे.

हवेबद्दल थोडं बोलतो. पृष्ठभाग पुसण्यावर आपण फार शक्ती घालवली. काही ठिकाणी माणसांवर फवारणी करणारे बोगदे उभे राहिले, तेही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच माणसांवर जंतुनाशक फवारू नका असं सांगितल्यानंतर. हा आजार मुख्यतः श्वासातून, बंद खोलीतल्या हवेतून पसरतो. बाहेरच्या हवेत कर्ब वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, दहा लाखांत सव्वाचारशे भागांच्या आसपास असतो. वर्गात तो हजाराच्या वर गेला की समजावं, आपण एकमेकांची उच्छ्वासाची हवा आत घेतोय. हे मोजणारं छोटं यंत्र एका विभागाला सहज परवडतं. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो म्हणून खिडक्या बंद करायची सवय आहे. एसी खोलीतलीच हवा फिरवतो. पण आपला वाळ्याचा किंवा गवताच्या जाळीचा कूलर खिडकीबाहेर बसवला आणि समोरची खिडकी उघडी ठेवली तर तो सतत बाहेरची ताजी हवा आत ढकलतो. म्हणजे खानदेशातल्या जुन्या पद्धतीच्या वर्गाला वायुवीजनाची सोय आधीच आहे, फक्त कूलर आत ओढून दारं-खिडक्या लावायच्या नाहीत. उन्हाळ्यातलं सकाळचं कॉलेजही या कामी येतं. झाडाखाली, व्हरांड्यात वर्ग भरवायला कुणाची परवानगी लागू नये.

वसतिगृहांचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. अनेक वसतिगृहं कोविड केअर सेंटर म्हणून ताब्यात घेतली गेली. गरज खरी होती, तेव्हा खाटा हव्याच होत्या. पण परत देताना गाद्या कोण बदलणार, सफाईचा खर्च कुणाचा, मुलांचं राहिलेलं सामान कुठे, हे ठरलेलं नव्हतं. आणि एका खोलीत एकच मुलगा ठेवायचा तर बाकीच्यांचं काय? माझं मत असं की अशा वेळी खोल्या लांबच्यांना आधी द्याव्यात. गुणांच्या यादीने नको, अंतराने आणि रेंजने द्याव्यात. गावात नेटवर्क असलेला मुलगा महिनाभर घरून शिकू शकतो; मोलगीच्या वरच्या पाड्यावरची मुलगी शिकू शकत नाही.

असा आराखडा आपल्याकडे होऊ शकतो का, अशी शंका येत असेल तर नंदुरबारकडे बघा. पहिली लाट ओसरल्यावर, इतर ठिकाणी उपचार केंद्रं आवरली जात असताना, तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी ऑक्सिजन निर्मितीचे प्रकल्प उभे केले. ते स्वतः शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या भिल्ल कुटुंबातून आलेले, शिक्षणाने डॉक्टर. एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठ्या शहरांत ऑक्सिजनसाठी धावाधाव चालली होती, तेव्हा राज्यात मागास गणल्या गेलेल्या या जिल्ह्याकडे स्वतःचा ऑक्सिजन होता. हे काम साथ शांत असताना झालं. आपली समिती मात्र परिपत्रक आल्यावर बसायची आणि कॉलेज बंद झाल्यावर उठायची.

आज साथ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. म्हणूनच हे आता करावं. जूनमध्ये प्रवेश सुरू होतील तेव्हा अर्जाबरोबर एक पान जोडा. घरापासून गाडी मिळते ते ठिकाण किती लांब, कोणत्या गाडीने येता, ती दिवसातून किती वेळा आहे, घरी रेंज कुणाची मिळते, फोन स्वतःचा की घरात एकच, गावात खोली केली असेल तर कुठे आणि किती जण. एनएसएसची मुलं दोन दिवसांत ही माहिती संगणकावर चढवतील. ती हाती आली की बॅचेस हजेरी क्रमांकाने न पाडता गाडीने पाडता येतात. एका गाडीची मुलं एकाच बॅचमध्ये असली की एकाला बाधा झाल्यावर कुणाकुणाला कळवायचं ते लगेच ठरतं, आणि आगारप्रमुखांकडे जाताना अमुक मार्गावर अमुक वेळेला इतकी मुलं आहेत, जादा गाडी द्या, असं आकड्यानिशी मागता येतं. पावसाळ्यात रस्ता तुटला, पुन्हा संप झाला, तरीही हेच पान उपयोगी पडेल.

माझ्या कॉलेजात आम्ही हे पान तयार केलं आहे. त्याच्या प्रती मी बरोबर आणल्या आहेत, मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. त्यात काय वाढवायला हवं ते जाताना मला सांगा, विशेषतः अक्कलकुवा आणि धडगावहून आलेल्या शिक्षकांनी.