विंचकूमचे कुंभार

श्रोतेहो, नमस्कार. मायकेल कार्ड्यू या इंग्रज कुंभाराविषयी आज बोलणार आहे. ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन शिकलेला हा माणूस, पण जीव अडकला होता नॉर्थ डेव्हनच्या गावठी मातीच्या भांड्यांत. लहानपणापासून ती त्यांच्या घरात होती. १९२३ मध्ये ते सेंट आइव्हजला कुंभार बर्नार्ड लीच यांच्याकडे काम शिकायला गेले, आणि १९२६ मध्ये ग्लॉस्टरशायरमधल्या विंचकूमजवळ बंद पडलेला भांड्यांचा कारखाना त्यांनी भाड्यानं घेतला.

तिथं त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर माणसं शोधली. त्याच कारखान्यात पूर्वी चाकावर बसणारे इलायजा कम्फर्ट आता शेतमजुरी करत होते. त्यांना कार्ड्यूंनी पुन्हा चाकावर आणलं. सिडनी टस्टिन हा गावातला पोरगा हाताखाली घेतला. शिकलेल्या माणसानं गावच्या कारागिराशेजारी बसून काम करावं, ही गोष्ट मला त्यांच्या कुठल्याही सुरईइतकीच मोलाची वाटते.

भांडी होती रोजच्या वापराची. सायडरचे घडे, दुधाच्या सुरया, भट्टीत पदार्थ भाजायच्या खोलगट थाळ्या. भांड्यावर पातळ कालवलेल्या मातीचा लेप द्यायचा, तो ओला असतानाच बोटानं किंवा कंगव्यानं झरझर रेघा ओढायच्या. इथं हात थबकला की रेघ मेली! वरून शिशाची झिलई, म्हणजे मधासारखा रंग चढतो. शिसं विषारी असल्यामुळे जाणते कुंभार आता स्वयंपाकाच्या भांड्यांना ती देत नाहीत. मग बाटलीच्या आकाराची विटांची मोठी भट्टी. ती बिघडली, तर कित्येक आठवड्यांची मेहनत एका भाजणीत वाया. एवढं करून भांडं साध्या घराला परवडलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यात पैसा कधी फारसा मिळाला नाही.

१९४२ मध्ये ते गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात गेले. तिथला कुंभारकामाचा मोठा सरकारी प्रकल्प फसला. त्यानंतर व्होल्टा नदीकाठी स्वतःची भट्टी उभारली, आणि १९४८ मध्ये आजारी होऊन मायदेशी परतले. तरी १९५१ मध्ये पुन्हा आफ्रिका, या वेळी नायजेरिया! तेव्हाच्या अबुजात, आजच्या सुलेजात, त्यांनी प्रशिक्षण केंद्र सुरू केलं. १९५४ मध्ये तिथं लाडी क्वाली आल्या. या बाईंचं तंत्रच निराळं. मातीच्या वळ्या एकावर एक चढवायच्या, आणि चाक फिरण्याऐवजी भांड्याभोवती स्वतः फिरायचं. भांड्याच्या अंगावर सरडे, विंचू कोरायचे. केंद्राचं नाव जगभर झालं ते मुख्यतः त्यांच्यामुळे, असं माझं मत आहे. नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेवर आज त्या आहेत.

कार्ड्यू १९८३ मध्ये वारले. विंचकूमचं काम मात्र त्यांच्या हाताखाली १९३६ मध्ये आलेल्या रे फिंच यांनी पुढे नेलं. त्यांनी १९४६ मध्ये कारखाना विकत घेतला आणि घरोघरी रोज वापरायची भांडीच घडवत राहिले.