चार इंचांवरची शर्यत

[दृश्य: स्टार्टची रांग, निळसर धूर]

क्लच सुटला की पहिल्या वळणावरची आतली बाजू सगळ्यांनाच हवी असते. मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या खडबडीत ट्रॅकवरची मोटरसायकलींची शर्यत; जुन्या गाड्यांची असते ती व्हिंटेज मोटोक्रॉस. आतल्या बाजूची ओढ आजच्या मोटोक्रॉसमध्येही तशीच आहे. जुन्या गाड्यांचं वेगळेपण पहिल्या खड्ड्यापाशी कळतं. आजच्या गाडीचं मागचं चाक सुमारे 300 मिलिमीटर वर-खाली होतं. 1970 च्या आसपासच्या गाडीचं जेमतेम 100, म्हणजे चार इंच. उरलेला दणका स्वाराच्या गुडघ्यांनी आणि कोपरांनी सोसायचा. म्हणूनच या शर्यतींना नैसर्गिक चढ-उतारांचे ट्रॅक शोभतात. आजच्या उंच उड्यांवर पन्नास वर्षांच्या फ्रेमला वेल्डिंगपाशी भेगा जातात.

[दृश्य: जुनी छायाचित्रं]

1964 आणि 1965 मध्ये जेफ स्मिथने बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या जड फोर-स्ट्रोक गाडीवर 500 सीसीचं जागतिक विजेतेपद मिळवलं. पुढच्याच वर्षी पॉल फ्रीडरिक्सने ते सीझेड या चेकोस्लोव्हाक कंपनीच्या हलक्या टू-स्ट्रोकवर जिंकलं. हलकी गाडी कमी दमवते, हे त्यानंतर कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. 1973 मध्ये हाकन अँडरसनने यामाहाच्या मोनोशॉकवर (मागे दोनऐवजी एकच शॉकॲब्सॉर्बर) 250 सीसीचा किताब पटकावला आणि चाक किती जास्त वर-खाली होतं याची स्पर्धा सुरू झाली. आजच्या व्हिंटेज वर्गांची सीमारेषा साधारण इथेच पडते.

[दृश्य: उतारावरून वळणाकडे येणारी गाडी]

टू-स्ट्रोकमध्ये थ्रॉटल सोडला तरी इंजिन गाडीला फारसं रोखत नाही, आणि पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक. तापले की लिव्हर हँडलकडे येत जातो. पाण्यातून गेल्यावर तर पहिला ब्रेक लागतच नाही. ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे शू हलके टेकवत ठेवून ते आधी सुकवावे लागतात. त्यात अनेक ब्रिटिश आणि स्पॅनिश गाड्यांचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. सवय नसलेला स्वार घाबरला की ब्रेक समजून गिअर दाबतो, आणि प्रेक्षकांना करमणूक मिळते.

[दृश्य: गॅरेज, उघडं इंजिन]

निम्मी शर्यत मात्र इथे ठरते. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या टू-स्ट्रोकचे क्रँकचे सील (क्रँकशाफ्टच्या टोकांवरची हवाबंद रबरी कडी) कडक होतात. मॅग्नेटोच्या, म्हणजे ठिणगीची वीज बनवणाऱ्या भागाच्या बाजूचा सील गेला की क्रँककेस बाहेरची हवा ओढतं, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. लक्षण आधी दिसतं: थ्रॉटल सोडला तरी इंजिन पटकन खाली येत नाही. क्लचच्या बाजूचा सील गेला तर गिअरचं तेल जळतं, पांढरा धूर येतो. कार्बोरेटरचे जेट (पेट्रोलची बारीक छिद्रं) बदलून हे झाकू नये. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करा, स्पार्क प्लगच्या भोकातून सुमारे 6 पीएसआय दाबाची हवा भरा आणि सहा मिनिटं दाबमापकाचा काटा बघा. घसरला तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे गळतीची जागा दाखवतील.

इग्निशन पॉइंटचं, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या धातूच्या टोकांचं. गॅप 0.35 ते 0.4 मिलिमीटर, पण ठिणगीची वेळ डोळ्यांनी लावू नये. प्लगच्या जागी डायल गेज (बारीक अंतर मोजणारं उपकरण) बसवायचा आणि पिस्टन वरच्या टोकापासून किती मिलिमीटर खाली असताना पॉइंट उघडतात ते मोजून गाडीच्या माहितीपुस्तकातल्या आकड्याशी जुळवायचं. ठिणगी लवकर पडली तर पिस्टनच्या माथ्यावर भोक पडू शकतं. टाकी फायबरग्लासची असेल तर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टाळा: रेझिन विरघळून चिकट थर कार्बोरेटरमध्ये जातो.

[दृश्य: शर्यतीचा उत्तरार्ध]

चार-पाच लॅपनंतर मागचे शॉकॲब्सॉर्बर तापतात. आतलं तेल फेसाळलं की स्प्रिंगला आवर घालणारं काही उरत नाही, आणि मागचं चाक प्रत्येक खड्ड्यावर उसळी मारतं. अनुभवी स्वार तेव्हा थ्रॉटल सोडत नाही. सोडला की वजन पुढच्या चाकावर जातं आणि हँडल झटके देऊ लागतं. तो उभा राहतो, वजन मागे घेतो आणि लॅपागणिक वाट बदलत कमी खोदलेली बाजू शोधतो. गाडीपेक्षा स्वार मोठा ठरतो तो या दहा मिनिटांत.

[दृश्य: दोन फेऱ्यांमधली धावपळ]

शर्यत दोन फेऱ्यांत होते, आणि दुसऱ्या फेरीआधी वेळ थोडा. स्पोकवर पाना वाजवत चाक फिरवायचं. बद्द आवाज आला तो स्पोक ढिला. नव्या बांधलेल्या चाकात असे बरेच सापडतात. रिमलॉकचा (टायर रिमला आवळून धरणाऱ्या पकडीचा) नट, चेनचा ताण, एक्झॉस्टच्या स्प्रिंगा बघायच्या. फोमचा एअर फिल्टर धुळीने भरला असेल तर तेल लावून ठेवलेला दुसरा चढवायचा. धुळीने भरलेला फिल्टर झटकून परत बसवणाऱ्याला सिलिंडर बोअर करून घ्यावा लागतो.